दारावरचं साल सर्वांत शेवटी: इंग्लंडमधलं जुनं दगडी फार्महाऊस कसं वाचायचं

दारावरच्या दगडात १६७२ कोरलेलं दिसलं, की घर १६७२ चं असं ठरवून लोक मोकळे होतात. मग तुळया, चूल आणि जिनाही त्याच सालात कोंबले जातात. बुजवलेली खिडकी दिसली की खिडकीकर (खिडक्यांच्या संख्येवरचा जुना कर), तुळईला रिकामी खाच दिसली की मोडलेल्या जहाजाचं लाकूड, जाड भिंतीत कोनाडा दिसला की पाद्री लपवायची जागा. लीड्स-मँचेस्टरकडे स्थायिक झालेली आपली मंडळी असं घर विकत घ्यायला निघतात किंवा सुट्टीत भाड्याने घेतात, वास्तुकलेचे विद्यार्थी अभ्यासासाठी जातात, आणि सगळ्यांच्या टिपणांत हीच वाक्यं सापडतात. यातली बहुतेक गफलत क्रम उलटा धरल्यामुळे होते.

क्रमाचा नियम सोपा आहे. घराचा जो भाग बदलायला स्वस्त, त्यावर काळ ठरवण्यासाठी कमी भरवसा ठेवायचा. खिडक्या, दारं, चुलीची चौकट दर दोन-तीन पिढ्यांनी बदलतात. भिंती आणि छप्पर बदलायला खर्च फार, म्हणून शेतकरी ते शक्यतो तसंच ठेवून त्यावर डागडुजी करतो. म्हणून आधी दगड, मग भिंती, मग आराखडा, मग छप्पर, त्यानंतर दारं-खिडक्या, मग कोरलेलं साल आणि अगदी शेवटी कागदपत्रं. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला एखादा जमला नाही तर वहीत ‘पाहता आलं नाही’ असं लिहा, पण पुढचा टप्पा आधी उरकू नका.

## तयारी

ऋतू निवडता आला तर हिवाळा घ्या. भिंतीवरच्या वेली झडलेल्या असतात आणि सूर्य खाली असल्यामुळे तिरपं ऊन भिंतीवरून सरपटत जातं. त्या उन्हात बुजवलेल्या दाराची कड किंवा भिंतीचा जोड जसा उठून दिसतो तसा जूनच्या दुपारी दिसत नाही.

सोबत घ्यायचं सामान:

- ३० मीटरचा टेप आणि ५ मीटरचा छोटा टेप. लेसर असला तरी टेप हवाच, कारण खडबडीत भिंतीवर लेसर कुठल्या दगडाला लागला ते कळत नाही.
- ओळंबा, गुण्या, चांगला टॉर्च, दुर्बीण (धुराड्यांसाठी).
- आलेख कागद, पाठीला पुठ्ठा, पेन्सिल. पावसात शाई टिकत नाही.
- फोटोत धरायला मापाची पट्टी.
- परिसराचा मोठ्या प्रमाणातला नकाशा, उत्तर दिशा दाखवणारा.
- दुसरा माणूस. एकट्याने घेतलेल्या मापांत झोल राहतोच.

घर संरक्षित यादीत आहे का, ते हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या राष्ट्रीय यादीत आधी पाहून ठेवा. श्रेणी तीन असतात: एक, दोन-तारांकित आणि दोन. फार्महाऊस बहुधा दोनमध्ये सापडतात. १७०० पूर्वीचं आणि बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेलं घर यादीत असण्याचीच शक्यता जास्त. मात्र श्रेणी पाहून यादीतलं वर्णन बाजूला ठेवा, ते कागदपत्रांच्या टप्प्यात वाचायचं आहे. अनेक नोंदी १९८० च्या दशकातल्या फेरपाहणीतल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी फक्त बाहेरून पाहून लिहिलेल्या. त्या आधी वाचल्या की डोळे तेवढंच शोधत राहतात.

थांबा: ‘जरा आत काय आहे बघू’ म्हणून गिलावा खरवडणं, चुलीमागची वीट काढणं, फळी उचकटणं हे यादीतल्या घरात करायचं नाही. संरक्षित इमारतींच्या १९९० च्या कायद्यानुसार परवानगीवाचून घराचं स्वरूप बदलणारं काम हा फौजदारी गुन्हा आहे. संरक्षण आतल्या भागालाही असतं, आणि १ जुलै १९४८ पूर्वीपासून आवारात उभ्या असलेल्या कोठार-गोठ्यांनाही बहुधा लागू होतं. वटवाघळं दिसली तर माळ्यावरून उतरा, त्यांच्या वस्तीला त्रास देणंही गुन्हा आहे.

चालू शेतावर जात असाल तर आणखी दोन गोष्टी. शेणकाल्याच्या टाकीजवळ एकटं फिरू नका, त्यातून निघणारा वायू माणूस पाडतो. शेडवरचे जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, त्यांना धक्का लावू नका.

## १. आधी दगड ओळखा

घराकडे पाठ करून सुरुवात करा. शेताच्या बांधाच्या भिंती, जवळचा ओढा, डोंगरउतारावरचे खड्डे यांतला दगड पाहा. रेल्वे येण्याआधी शेतकऱ्याच्या घराचा दगड लांबून यायचा नाही. गाडीवाट जेवढी परवडेल तेवढ्यातून तो आणला जाई.

ढोबळ भूगोल एवढा पुरे. डॉर्सेटपासून कॉट्सवोल्ड्स, नॉर्थॅम्प्टनशायर, लिंकनशायरवरून यॉर्कशायरच्या ईशान्येपर्यंत ज्युरासिक चुनखडीचा पट्टा तिरका गेला आहे. हा दगड मधाळ किंवा राखाडी आणि घडवायला सोपा. उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगरात भरड वालुकाश्म, ज्याला तिथे ग्रिटस्टोन म्हणतात. यॉर्कशायर डेल्समध्ये आणि डर्बीशायरच्या व्हाइट पीकमध्ये कठीण, फिकट चुनखडी. डार्टमूर आणि कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट. लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्लेटचे तुकडे, बरेचदा चुन्याच्या रंगाखाली किंवा खरबरीत गिलाव्याखाली झाकलेले.

नेहमीची चूक: भिंत एका दगडाची आणि कोपरे-चौकटी दुसऱ्या दगडाच्या, म्हणजे घर दोन काळांत बांधलं, असा निष्कर्ष. डेल्समध्ये हे सर्रास दिसतं आणि बहुतेक वेळा त्याचा काळाशी संबंध नसतो. तिथली चुनखडी छिन्नीला दाद देत नाही, फुटते. म्हणून भिंतीला अनघड चुनखडी आणि कोपऱ्यांना, खिडक्यांना घडीव वालुकाश्म, असं एकाच गवंड्याने एकाच हंगामात केलेलं असतं.

गिरण्यांच्या मुलखात, म्हणजे हॅलिफॅक्स, कीथली, हडर्सफील्डच्या आसपास, दगड काजळीने काळा पडलेला असतो. एखादं घर लख्ख पिवळं दिसलं तर ते नवं आहे असं समजू नका. बहुधा ते वाळूच्या फवाऱ्याने घासलेलं असतं आणि त्यात छिन्नीच्या खुणाही गेलेल्या असतात. अशा भिंतीवर टाक्यांच्या खुणांवरून काही ठरवायला जाऊ नका.

## २. बाहेरून दोन फेऱ्या, पहिली मागच्या भिंतीपासून

दर्शनी भिंतीसमोर उभं राहून फोटो काढायचा मोह आवरा. पुढची बाजू लोकांना दाखवण्यासाठी केलेली असते आणि घरात पैसा आला की तीच आधी बदलते. मागच्या भिंतीवर कुणी फारसा खर्च करत नाही.

पहिल्या फेरीत फक्त उभ्या सलग दरजा शोधा. चांगल्या बांधकामात दगड एकमेकांत गुंतलेले असतात, एका थरातली दरज वरच्या थरातल्या दगडाखाली झाकली जाते. जिथे जोत्यापासून वळचणीपर्यंत एकच उभी रेघ जाते तिथे दोन बांधकामं एकमेकांना टेकलेली आहेत. आता पुढचा प्रश्न, आधी कोणतं? त्या रेघेच्या ज्या बाजूला कोपऱ्याचे मोठे घडीव दगड दिसतात ती बाजू आधीची, कारण तो एकेकाळी घराचा मोकळा कोपरा होता. दुसरी बाजू त्याला येऊन भिडली आहे.

तपासा: कोपऱ्याचे दगड कोणत्याच बाजूला नसतील तर निकाल देऊ नका. रेघ वहीत उतरवा, प्रश्नचिन्ह लावा आणि आतून त्याच जागी भिंतीची जाडी मोजा.

दुसऱ्या फेरीत बाकीचं: जोत्याची उंची कुठे बदलते, दगडांचा आकार किंवा थरांची उंची कुठे बदलते, बुजवलेली दारं, आणि वळचणीखालचे वरचे दोन-तीन फूट. टोकाच्या त्रिकोणी भिंतीवर, म्हणजे गेबलवर, जुन्या छपराची तिरकी रेघ सापडली तर घराची उंची नंतर वाढवली आहे. धुराड्याच्या पायथ्याशी छपराच्या बरंच वर बाहेर आलेली दगडी पट्टी दिसली, तर तिथे पूर्वी गवताचं जाड छप्पर असण्याची शक्यता आहे. गवत गेलं, पातळ दगडी फरश्या आल्या आणि पट्टी अधांतरी राहिली.

सिमेंटने दरजा भरलेली भिंत असेल तर काम अवघड होतं. ठळक, फुगीर सिमेंटच्या रेघांमुळे सगळी भिंत एकसारखी दिसते. अशा वेळी दरजांकडे न पाहता दगडांच्या आकाराकडे पाहा. (असं सिमेंट घराच्याही मुळावर येतं. या भिंती म्हणजे दोन बाजूंना दगड, मध्ये चिपा-मातीची भर, अधूनमधून आरपार दगड आणि चुन्यात किंवा मातीत बांधणी. आत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडतं, सिमेंटने ती वाट बंद होते आणि थंडीत दगडाचा चेहरा सोलून निघतो. घर विकत घेणार असाल तर हे आधी पाहा, साल नंतर.)

शेवटी प्रत्येक दारा-खिडकीत भिंतीची जाडी मोजून तक्ता करा. बाहेरची भिंत साधारण ५० ते ७५ सेंटिमीटर भरते. घराच्या आतली एखादी भिंत तेवढीच जाड निघाली, तर ती कधीकाळी बाहेरची होती किंवा तिच्यात धुराडं आहे.

## ३. आराखडा मोजून काढा, नजरेने नाही

१:५० प्रमाणात तळमजल्याचा आराखडा काढा. प्रत्येक खोलीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण न मोजता काढलेल्या आराखड्यात सगळ्या खोल्या गुण्यात बसतात आणि घराचा वाकडेपणा, म्हणजे तुमचा सर्वांत मोठा पुरावा, पुसला जातो. एखादीच खोली बाकीच्यांपेक्षा तिरकी असेल तर ती वेगळ्या वेळी जोडली असण्याचा संभव मोठा.

आराखडा तयार झाला की चार गोष्टी शोधा.

समोरासमोरची दारं. पुढच्या आणि मागच्या भिंतीत एका ओळीत दोन दारं, त्यातलं एक बहुधा बुजवलेलं. त्यांच्यामधून घर आरपार ओलांडणारा बोळ म्हणजे क्रॉस-पॅसेज. तो सापडला की घर उलगडतं. एका बाजूला मुख्य खोली, जिला यॉर्कशायरमध्ये हाऊसबॉडी म्हणतात, आणि तिच्यापलीकडे बैठकीची खोली. बोळाच्या दुसऱ्या बाजूला कामाच्या खोल्या किंवा गोठा. अनेक घरांत मुख्य चुलीची पाठ या बोळाला लागून असते.

मुख्य चूल. आज दिसते ती छोटी लोखंडी शेगडी जुन्या मोठ्या चुलीच्या पोटात बसवलेली असते. खोलीत पुढे आलेल्या भिंतीची रुंदी मोजा. दोन मीटरच्या वर भरली आणि शेगडी हातभरच असेल, तर मागे मोठं काहीतरी आहे. चुलीजवळच्या बाहेरच्या भिंतीत एकटी लहान खिडकी असेल तर ती चुलीपाशी बसणाऱ्याला उजेड देण्यासाठी. बाहेर अर्धगोल फुगवटा असेल तर तो पावाच्या भट्टीचा.

जिना. जुन्या घरांत तो धुराड्याशेजारी वळत चढतो किंवा मागे वेगळ्या पोटभिंतीत असतो. घराच्या बरोबर मधोमध, दारासमोर ऐसपैस जिना दिसला तर तो १८ व्या शतकातला किंवा नंतरचा धरून चला आणि आधी जिना कुठे होता ते शोधा.

उत्तरेची थंड खोली. मागच्या बाजूला छपराचं पाखं खाली ओढून केलेल्या पडवीत दूधघर असे. दारावर किंवा खिडकीवर दूधघर, चीजची खोली अशा अर्थाची जुनी अक्षरं रंगवलेली सापडली तर जपा. अशा खोल्यांना खिडकीकरातून सूट होती, त्यासाठी नाव लिहावं लागे.

आता घराचा प्रकार ठरवा. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो तो लाँगहाऊस या नावाचा. घर लांब आहे म्हणून ते लाँगहाऊस होत नाही. खरं लाँगहाऊस म्हणजे माणसं आणि गुरं एका छपराखाली, मूळची एकाच बोळातून आत येणारी. माणसांची बाजू चढावर, गोठा उतारावर, गोठ्याच्या मधोमध मोरी आणि टोकाच्या भिंतीत ती बाहेर काढणारं भोक. डार्टमूरवर पाउंड्सगेटजवळ हायर अपाकॉट नावाचं असं घर डार्टमूर राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे, पहिल्या श्रेणीचं. त्याच्या गोठ्याचा उतार पाहिला की हा प्रकार पुन्हा चुकत नाही.

पेनाइनमध्ये दिसतं ते बरेचदा लेथ-हाऊस असतं: घर आणि कोठार एका ओळीत, एका छपराखाली, पण दोघांना वेगळी दारं आणि आतून बहुधा वाट नाही. कोठाराला गाडी शिरेल एवढी उंच कमान असते. या दोघांची गल्लत केली तर काळाचा अंदाज शतकभराने हुकू शकतो.

दार उघडल्यावर समोर धुराड्याची भिंत आणि दोन्ही बाजूंना खोल्या, असा प्रकार १६ व्या शतकाच्या अखेरीपासून पसरला. खोलीमागे खोली अशी दुहेरी खोली असलेली घरं शेतकऱ्यांत साधारण १७ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागतात, आणि १८ व्या शतकात नेहमीची होतात.

## ४. माळ्यावर चढा

शिडी, टॉर्च आणि मालकाची परवानगी. पाय फक्त लाकडी कड्यांवर ठेवा, मधल्या जागेत नुसता गिलावा असतो.

वाडा जसा खणांत मोजतात तसंच हे घरही मोजा: दोन कैच्यांमधलं (छप्पर पेलणाऱ्या लाकडी सांगाड्यांमधलं) अंतर एक खण. कैच्यांना ओळीने क्रमांक द्या आणि प्रत्येकीचं चित्र काढा, सगळ्या सारख्या दिसल्या तरी. उत्तर आणि पश्चिम इंग्लंडमध्ये जमिनीलगतपासून वर वाकत आढ्यापर्यंत जाणाऱ्या जोड-लाकडांच्या कैच्या मिळू शकतात. त्यांना क्रक म्हणतात. पूर्व अँग्लियात त्या शोधण्यात वेळ घालवू नका, तिथे त्या जवळपास नाहीतच. भिंत दगडी आणि आत क्रक असतील तर लाकडी सांगाडा आधीचा आणि दगड नंतर चढवला, ही शक्यता उघडी ठेवा. क्रकचा पाय भिंतीत कुठे आणि कसा शिरतो ते पाहा.

काजळी नीट वाचा. मुख्य खोलीवरच्या सगळ्या लाकडांवर, सर्व बाजूंनी, जुनी चिवट काजळी असेल तर ती खोली एकेकाळी छपरापर्यंत मोकळी होती आणि जमिनीवरच्या आगीचा धूर वर फिरत होता. मधला मजला नंतर घातला. काजळी फक्त धुराड्याजवळच्या एका कैचीवर असेल तर धुराडं गळत होतं, एवढंच. हा फरक न केल्यामुळे साधी घरं मध्ययुगीन ठरतात.

सुतारांच्या खुणा. कैच्या आधी जमिनीवर जुळवून मग वर चढवत, म्हणून सुतार जोडांवर रोमन आकडे कोरत. चारासाठी बहुधा चार उभ्या रेघा. आकडे ओळीने असतील तर छप्पर एकाच वेळचं. एक, दोन, सात, तीन असे आले तर छप्पर उतरवून पुन्हा बसवलं आहे किंवा मधले खण गेले आहेत.

रिकाम्या खाचा. कुसवाची खाच आहे पण समोर बसणारं काहीच नाही, तर लाकूड दुसऱ्या इमारतीतून आलं आहे. बहुतेक वेळा ती इमारत म्हणजे याच जागेवरचं जुनं घर किंवा शेजारचं पाडलेलं कोठार. समुद्रापासून साठ मैल आत, डोंगरावर, कुणी जहाजाच्या तुळया ओढत आणल्या असतील का, हे स्वतःलाच विचारा. ही कथा प्रत्येक परगण्यात ऐकू येते. मालकाला ती फार प्रिय असते, त्यामुळे त्यांच्यासमोर वाद घालू नका. वहीत ‘पुन्हा वापरलेलं लाकूड’ लिहा.

माळ्याच्या आत ऊन-पावसाने झिजलेला दगडी गेबल दिसला तर तिथे घर पूर्वी संपत होतं. याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

छपराचा उतारही मोजा, पण प्रदेशाप्रमाणे वाचा. पेनाइनमधल्या जड दगडी फरश्यांना साधारण ३० अंशांचा उतार पुरतो. तिथे उतार ५० च्या आसपास असेल तर पूर्वी गवत होतं असं म्हणायला जागा आहे. कॉट्सवोल्डमधल्या पातळ दगडी कवलांना मुळातच तीव्र उतार लागतो, तिथे त्याच आकड्यावरून गवताचा निष्कर्ष निघत नाही. मूळ पद्धतीच्या दगडी छपरात मोठे दगड वळचणीला आणि वर आढ्याकडे लहान होत जातात. सगळे एका मापाचे असतील तर छप्पर नव्याने घातलं आहे. एकसारखी पातळ वेल्श स्लेट असेल तर बहुधा १९ व्या शतकातली किंवा नंतरची.

लाकडाच्या वलयांवरून काळ काढायचा असेल तर ओक हवं, साधारण ५० च्या वर वलयं हवीत आणि सालीजवळचं फिकट लाकूड उरलेलं हवं. नमुना तज्ज्ञानेच घ्यायचा आणि यादीतल्या घरात परवानगी विचारूनच. निकाल झाड कधी तोडलं ते सांगतो. ओक ओलंच वापरत असल्यामुळे बांधणी त्यानंतर लवकरच झालेली असते, पण पुन्हा वापरलेल्या तुळईचा नमुना घेतला तर उत्तर बिनचूक येऊनही घराबद्दल काहीच कळत नाही. आधी खाचा तपासायच्या त्या यासाठी.

## ५. आता दारं आणि खिडक्या

इथवर तुमच्याकडे कोणता भाग आधी, कोणता नंतर, याचा क्रम तयार असायला हवा. नसेल तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा.

दगडी उभ्या दांड्यांच्या, म्हणजे मुलियनच्या, खिडक्या आणि त्यांवर पाणी तोडणारी दगडी पट्टी हे १६ व्या-१७ व्या शतकाचं नेहमीचं रूप. पण डोंगराळ भागात तीच घडण पुढे कित्येक दशकं चालू राहिली. गावच्या गवंड्याला लंडनची फॅशन कळायची घाई नसते. खिडकीच्या घडणीवरून काळ सांगताना पन्नास वर्षांची सूट दोन्हीकडे ठेवा.

वरखाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या दिसल्या तर खिडकीच्या तळाच्या दगडावर हात फिरवा. मुलियन छाटल्याचे ठोंब, बुजवलेल्या खाचा, मधूनच झिजलेली कड बहुधा बोटाला लागते. मग सॅश नंतरची, भोक आधीचं.

दर्शनी भिंत अगदी समतोल असेल, दार मधोमध आणि दोन्हीकडे सारख्या खिडक्या, तर ती तुमच्या आराखड्यावर ठेवून बघा. आतली भिंत खिडकीला कापते का? मुख्य दार थेट चुलीच्या बगलेत उघडतं का? तसं असेल तर जुन्या घराला नवा चेहरा लावला आहे.

बुजवलेल्या खिडक्यांबद्दल: खिडकीकर १६९६ ते १८५१ होता, आणि लोकांनी खिडक्या बुजवल्या हेही खरं. तरी आधी आत जाऊन पाहा. मागे जिना, धुराडं किंवा कपाट आलं असेल तर कारण तेच. चौकट घडीव, आतला भराव भिंतीशी एकजीव आणि आतून खिडकीची काहीच खूण नाही, तर ती समतोलासाठी मुळातच खोटी केलेली आहे.

तळमजल्यावरच्या तुळयांच्या तासलेल्या कडा कुठे आणि कशा संपतात ते पाहा. एका टोकाला कडेची नक्षी नीट संपते आणि दुसऱ्या टोकाला ती भिंतीत अर्धवट घुसते, तर ती भिंत नंतरची किंवा तुळई दुसरीकडची.

## ६. कोरलेलं साल

त्या दगडाला तीन प्रश्न विचारा. तो भोवतालच्या बांधणीत नीट गुंतलेला आहे का, की नंतर खोचलेला? तो मुख्य घरावर आहे की पुढे जोडलेल्या पोर्चवर? अक्षरांची झीज शेजारच्या दगडाइतकीच आहे का?

सालासोबत तीन आद्याक्षरं त्रिकोणात असतील तर वरचं आडनावाचं, खालची दोन नवरा-बायकोची. अशी सालं अनेकदा लग्न, वारसा किंवा डागडुजीची असतात. तुम्हाला खात्रीने म्हणता येईल ते इतकंच, की त्या दगडाचं ते साल आहे. दगड जागेवरचा निघाला तर त्या दाराचंही. संपूर्ण घराला ते लावायचं तर दुसऱ्या ते पाचव्या टप्प्यातला पुरावा जुळायला हवा.

## ७. कागदपत्रं

आता यादीतलं वर्णन वाचा. तुमच्या आराखड्याशी न जुळणाऱ्या ओळी अधोरेखित करा. दर वेळी यादीच चूक असेल असं नाही.

नकाशे मागे मागे पाहत जा: आजचा, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे १९ व्या शतकातले, मग टाइद नकाशा, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांशाच्या हिशेबासाठी काढलेला. तो १८३६ च्या कायद्यानंतर झाला आणि सोबतच्या नोंदवहीत मालक, कूळ, शेताचं नाव मिळतं. तो सगळ्या गावांना नाही, तेव्हा सापडला नाही म्हणून अडून बसू नका. ज्या खोलीला तुम्ही जुनी म्हटलं ती त्या नकाशावर नसेल, तर परत भिंतीकडे जा. १९१० च्या कायद्याखाली झालेल्या जमीन-मूल्यांकनाच्या वह्या आणि १९४१ ते १९४३ ची शेतपाहणी लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. परगण्याच्या अभिलेखागारात १६ व्या ते १८ व्या शतकातल्या मृतांच्या मालमत्तेच्या याद्या मिळतात. त्यात सामान खोलीवार लिहिलेलं असल्याने त्या फार उपयोगी आहेत, पण घराचं नाव क्वचितच असतं. १६६२ ते १६८९ च्या चूलकराची (चुलींच्या संख्येवरच्या कराची) नोंद माणसाच्या नावावर आहे. तीन चुली म्हणजे हेच घर, असं उडी मारून म्हणू नका.

आणखी एक सवय मोडा. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये १५७० ते १६४० हा ग्रामीण घरांच्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ म्हणून मांडला, आणि तेव्हापासून हौशी टिपणांत प्रत्येक घर त्या सत्तर वर्षांत बसवलं जातं. उत्तरेकडच्या बऱ्याच भागांत दगडी घरांचा मोठा हंगाम त्यानंतर आला.

## ८. बांधकामाच्या टप्प्यांचा नकाशा

आराखड्याच्या प्रती काढा आणि प्रत्येक काळाला एक रंग द्या. सर्वांत जुन्यापासून सुरुवात करा. प्रत्येक विधानाशेजारी पुरावा लिहा आणि ‘निश्चित’, ‘बहुधा’, ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द. पहिल्या पाहणीत ‘निश्चित’ मूठभरच येतात. पानभर आले असतील तर वही पुन्हा वाचा.

शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत कडक, तपासणी: प्रत्येक काळचं घर एकटं उभं करून पाहा. त्याला आत यायला दार आहे का? चूल आहे का? वरचा मजला दाखवलात तर तिथे जायचा जिना कुठे आहे? छपराचं पाणी कुठे पडतं? ज्या घरात त्या काळी कुणी राहूच शकलं नसतं तो टप्पा चुकीचा आहे, तुमची उभी दरज कितीही सुंदर असो.

सराव हवा असेल तर लोकांना खुल्या असलेल्या घरांपासून सुरू करा, तिथे कुणाच्या खासगी आयुष्यात डोकवावं लागत नाही. लिंकनशायरमधलं वूल्सथॉर्प मॅनर, न्यूटनचं जन्मघर, हे चुनखडीचं शेतकरीघरच आहे. आपले पर्यटक सफरचंदाच्या झाडाचा फोटो काढून परततात. तुम्ही झाडाकडे पाठ करून भिंतीपाशी थांबा. कंब्रियात ट्राउटबेकचं टाउनएंड हे ब्राउन कुटुंबाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर, स्लेटच्या दगडाचं, चुन्याने पांढरं केलेलं, गोल धुराड्यांचं. रंगाखालची भिंत वाचायचा सराव तिथे होतो. दोन्ही नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. आतल्या फोटोंचे आणि मोजमापांचे नियम दारावर विचारून घ्या.

खासगी घराची पाहणी असेल तर एक स्वच्छ प्रत मालकाला द्या. त्यांची हरकत नसेल तर दुसरी त्या परगण्याच्या ऐतिहासिक पर्यावरण नोंदवहीच्या कार्यालयात पाठवा. प्रत्येक पानावर तारीख, प्रमाण, उत्तरेचा बाण आणि जिथे जाता आलं नाही त्या खोल्यांची यादी असू द्या.